उजव्या हाताची खोड

साइटवर त्यांना सगळे ‘वरचे’ म्हणायचे. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये बसणारा माणूस, म्हणून वरचे. खालच्या लोकांना दिवसभर त्यांचं तोंड दिसायचं नाही, दिसायचा तो फक्त हूक, आणि हूक शहाण्यासारखा वागला की लोक म्हणायचे, आज स्वारी खुशीत आहे. सकाळी शिडी चढून गेलेला माणूस संध्याकाळीच जमिनीला पाय लावायचा. डबा वर, पाणी वर, रेडिओ वर. बायको म्हणायची, “आमच्या ह्यांचा निम्मा संसार ढगात आहे.” पण त्या ढगातल्या संसाराला मान होता. इतक्या वर्षांत वरच्यांच्या हुकाला लटकलेली एकही वस्तू कुणाच्या अंगाला लागली नव्हती. हे ते स्वतःहून कधी सांगत नसत. दुसरं कुणी सांगायला लागलं तर मात्र जागचे हलत नसत, शेवटपर्यंत ऐकून घेत.

मग कानाचं दुखणं निघालं. दुखणं कसलं, कान कधी दुखलाच नाही. मान वर केली की जग गरकन फिरायचं, एवढंच. डॉक्टर म्हणाले, शिडी बंद. आता चक्कर येणाऱ्या माणसाला क्रेनवर कोण बसवील? कंपनीने गोड बोलून घरी पाठवलं आणि वरचे कायमचे खाली आले. खाली आल्यावर काय करतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. घरात नेमके अशा जागी बसायचे की येणाऱ्याजाणाऱ्याला पाय ओलांडून जावं लागे. बायको शिवणाच्या कारखान्यात कामाला जायची. ती दार ओढून गेली की दिवस संपता संपत नसे.

त्यातच ते जिन्याचं झालं. नातीला कडेवर घेऊन उतरत होते. टिल्ली म्हणायचे तिला सगळे, चार वर्षांची, तोंडाला खंड नाही. वरून कुणीतरी हाक मारली, ह्यांनी मान वर केली, झालं. कठडा धरला, पोरीला छातीशी आवळलं आणि तिथेच पायरीवर बसले. लागलं कुणालाच नाही. पण लेक खालून जिना चढत होती, तिने सगळं डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवसानंतर तिने टिल्लीला एकटं त्यांच्याजवळ ठेवलं नाही. तोंडाने काही बोलली नाही, आणि वरच्यांना तेच जास्त लागलं. चार शब्द सुनावले असते तर पोटात गेले असते.

पुढे लेकीला नवी नोकरी लागली, महिनाभराने रुजू व्हायचं, सकाळी जायचं ते संध्याकाळी यायचं. जावई बाहेरगावी कामावर, महिन्या-दीड महिन्याने तोंड दाखवणार. पोरीला दिवसभर ठेवायचं कुठे? लेकीच्या सासूबाई दुसऱ्या गावी राहायच्या, त्यांचा निरोप आला, द्या इकडे पाठवून, शाळेत जायची होईपर्यंत राहील. म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे राहणारी टिल्ली गावातूनच जाणार, अशीतशी नाही, वर्ष-दीड वर्ष. वरच्यांनी एकच विचारलं, “आणि माझ्याकडे ठेवलीस तर?”

लेक ताटं पुसत होती. हात न थांबवता म्हणाली, “बाबा, तुमचं तुम्हालाच अजून सावरत नाही.”

खरं बोललेलं झोंबतं. वरचे त्या रात्री नीट जेवले नाहीत.

लेकीलाही ते लागलं असणार, कारण पुढच्याच आठवड्यात ती एक खोका घेऊन आली. तिच्या ओळखीतल्या कुणीतरी मोठा ड्रोन घेतला होता आणि जुना छोटा देऊन टाकला होता. तळहातावर मावेल एवढा, चार पंखे, पोटाला कॅमेरा. “बसून करायचा छंद आहे, बाबा. मान वर करायची नाही, सगळं पडद्यावर दिसतं.” बायको म्हणाली, “घरात डास कमी होते का, म्हणून आता पाळीव आणलाय?” वरच्यांनी माहितीचं पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, जणू परीक्षेला बसायचंय.

पुस्तकात एक गोष्ट त्यांना फार पटली. उडवणाऱ्याबरोबर दुसरा माणूस हवा, आभाळाकडे डोळा ठेवणारा. ह्यांना तर वर बघायचीच बंदी. त्यांनी लगेच शिट्टीला फोन लावला. शिट्टी म्हणजे त्यांचा साइटवरचा इशारेवाला. खाली उभा राहून हात हलवायचा, आणि हात दिसेनासे झाले की तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारायचा, ती वरपर्यंत ऐकू यायची. अर्धं आयुष्य ह्या दोघांनी एकमेकांना टोपीएवढं पाहिलं होतं. शिट्टी आला, ड्रोन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, “आपण दोघंही आता खालीच. मग वर कोण?”

“हे,” वरचे म्हणाले.

जुन्या गोदामामागे एक मोकळं मैदान होतं, पोरं संध्याकाळी फुटबॉल खेळायची. सकाळी तिथे कुणी नसे. वरच्यांनी घडीची खुर्ची टाकली, पुढे एक रबरी चटई अंथरली आणि ड्रोन तिच्यावर ठेवला. पंखे घट्ट आहेत ना, बॅटरी पूर्ण आहे ना, वारा किती, सगळं दोनदा बघितल्याशिवाय बटणाला हात लावायचे नाहीत. पहिल्या दिवशी फक्त डोक्याएवढं उचलायचं आणि तिथेच धरायचं. रिमोटवरच्या कांड्या सोडल्या की ते यंत्र जागच्या जागी तरंगत राहायचं. वरच्यांना ते बेहद्द आवडलं. त्यांच्या क्रेनचंही तसंच होतं. हात काढला की सगळं थांबतं, आणि माणसाला विचार करायला वेळ मिळतो.

अडचण आली ती हातांची. क्रेनवर उजवा दांडा मालाचा. तो अंगाकडे ओढला की माल वर, पुढे ढकलला की खाली. अर्धं आयुष्य ते तसं चाललेलं. ड्रोनचं सगळं उलटं. वर-खाली नेणारी कांडी डाव्या हाताला, आणि उजवी अंगाकडे ओढली तर यंत्र वर जात नाही, पाठमोरं मागे पळतं. आणि ह्या स्वस्तातल्या यंत्राला मागे डोळे नव्हते. दुसऱ्याच दिवशी वरच्यांनी घाईत ‘उचल’ म्हणून उजवी कांडी ओढली आणि ड्रोन सरळ मागे जाऊन झुडपात घुसला. एक पातं गेलं. शिट्टी काट्यांतून यंत्र काढताना म्हणाला, “जित्याची खोड आहे बाबा, सुटायची नाही.”

“सोडवीन,” वरचे म्हणाले.

आणि त्यांनी मनावर घेतलं. घरी रिमोट बंद ठेवून खुर्चीत बसायचे आणि अंगठे हलवत पुटपुटायचे, डावा वर, डावा खाली, उजवा मागे, उजवा पुढे. बायको भाजी चिरता चिरता म्हणायची, “पाढे पाठ झाले की मला सांगा, मी घेते म्हणवून.” पण ती मनातून खूश होती. नवरा गंजत चाललेला तिने पाहिला होता. आता सकाळी उठून दाढी करत होता.

हळूहळू जमायला लागलं. मैदानाभोवती चौकोन, मग गोल. मग ड्रोनचं तोंड आपल्याकडे वळवून उडवायचं, त्यात डावं-उजवं फिरतं आणि भलेभले गोंधळतात. वरचे नाही गोंधळले. इशारेवाल्याचा डावा तो आपला उजवा, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

मग एका सकाळी त्यांनी कॅमेरा सरळ खाली वळवला. पडद्यावर मैदान, गोदामाचं छप्पर, रस्ता, आणि खुर्चीशेजारी एक वाटोळं डोकं. शिट्टीचं. वरचे खुर्चीत ताठ झाले. किती तरी महिन्यांनी त्यांना आपलं जग जसंच्या तसं दिसत होतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत. “शिट्ट्या, टक्कल पडलंय तुला.”

“वरून सगळेच टकले दिसतात,” शिट्टी म्हणाला. पण त्याची नजर वरच्यांच्या हातांवर होती. उजवा अंगठा आपसूक अंगाकडे ओढ घेत होता. “तू ते खाली वळवलंस की तुझे हात क्रेनवर जातात. बघ स्वतःच.”

वरच्यांनी बघितलं. खरं होतं. तेव्हापासून त्यांनी नियम केला, ड्रोन उतरवताना कॅमेरा नेहमी समोर.

महिनाअखेर जवळ आली. सोमवारी लेक सासूबाईंना कळवणार होती. वरच्यांच्या मनात एकच घोळत होतं, तिने एकदा येऊन आपले हात बघावेत. थरथरत नाहीत, घाई करत नाहीत, सांगितलेलं ऐकतात. त्यांनी तिला रविवारी सकाळी मैदानावर बोलावलं. टिल्लीला घेऊन ये, म्हणाले. तोंडाने ड्रोन बघायला बोलावलं होतं, पण लेक काही खुळी नव्हती. तिलाही कळत होतं कशाला ते.

रविवारी नेमका वारा सुटला. फार नाही, पण झोताझोताने येणारा, आणि तोच वाईट. शिट्टी म्हणाला, “आज राहू दे. क्रेन असती तर तू चढला नसतास.”

“उद्या ती कळवणार आहे.”

“मग नुसत्या गप्पा मारा.”

वरच्यांनी चटई अंथरली. वाऱ्याने तिचा कोपरा उलटला, त्यावर त्यांनी दगड ठेवला. ह्या माणसाने आयुष्यात कधी वाऱ्याशी हुज्जत घातली नव्हती. त्या दिवशी घातली.

सुरुवात झकास झाली. ड्रोन उठला, मैदानाला फेरी मारून आला, गोदामावरून वळला. टिल्ली आपला चेंडू पायाशी टाकून टाळ्या पिटत होती. लेक वडिलांच्या खांद्यावरून पडद्यात बघत होती आणि मधेच त्यांच्या बोटांकडे. बोटं शांत होती. “बाबा, खाली दाखवा ना. आम्ही कशा दिसतो?” वरच्यांनी कॅमेरा खाली वळवला. पडद्यावर एक मोठं डोकं, शेजारी एक छोटं. लेक हसली. इतक्या महिन्यांनी ती त्यांच्याजवळ उभी राहून मोकळं हसली, आणि वरच्यांना बाकी काही सुचेनासं झालं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. “नव्या कामावरचाच आहे,” म्हणाली, टिल्लीला शिट्टीकाकांजवळ उभं केलं आणि एका कानात बोट घालून पाठमोरी फाटकाकडे चालत गेली.

रिमोट टिकटिक करायला लागला. बॅटरी उतरत आली होती. वरच्यांनी ड्रोन परत आणला, चटईच्या थोडा अलीकडे थांबवला आणि खाली घ्यायला लागले. कॅमेरा खालीच होता. नियम साफ विसरले होते. कमरेच्या जरा वर असताना वाऱ्याचा झोत आला आणि ड्रोन फुटबॉलच्या लोखंडी खांबाकडे सरकला. शिट्टी धावतच पुढे गेला आणि वर्षानुवर्षं ओरडत आला होता तसाच ओरडला, “उचल!”

उजव्या हाताने ओढलं.

ड्रोनचं तोंड खांबाकडे होतं. पाठ होती गोदामाच्या भिंतीकडे. पडद्यावर गवत सपसप वाहायला लागलं आणि वरच्यांना वाटलं, माल वर का जात नाही, म्हणून त्यांनी आणखी ओढलं. मग शिट्टी ऐकू आली. लांब, कान फाडणारी. साइटवर लांब शिट्टी म्हणजे हात सोड. का, कशाला, काही विचारायचं नाही. अंगठे कांड्यांवरून उडाले.

वरच्यांनी पडद्यावरून नजर काढून समोर बघितलं. शिट्टी पुढे गेला तशी त्याच्याजवळची टिल्ली आपला चेंडू आणायला भिंतीकडे धावली होती. आता ती चेंडू पोटाशी धरून उभी होती, आणि तिच्या तोंडासमोर, हातभरावर, ड्रोन तरंगत होता. चारही पंखे गरगर फिरत होते. त्यांच्या वाऱ्याने तिचे केस मागे उडत होते. तिला वाटलं, ते आपल्यालाच भेटायला आलंय. ती हसली. चेंडू खाली टाकला आणि हात पुढे केला.

हाक मारावी तर पोरगी आजोबा म्हणून ह्यांच्याकडे धावायची, आणि मधे ते. शिट्टी खांबापाशी, तिथून पोचणं शक्य नव्हतं. उचलायचं होतं. उचलायचं म्हटलं की उजवा अंगठा शिवशिवायला लागला, आणि उजवी ओढली की ते सरळ तिच्या तोंडावर. त्यांनी उजवा हात रिमोटवरून उचलला आणि चक्क मांडीखाली घातला. एक हात. डावा. डावा वर. ओठ हलत होते, आवाज नव्हता. टिल्लीची बोटं पसरली. डाव्या अंगठ्याने कांडी वर ढकलली, सावकाश नाही, पुरती टोकापर्यंत.

ड्रोन सरळ उभा वर गेला. टिल्लीची मूठ हवेत मिटली आणि ती खिदळून ओरडली, “आजोबा, पकडा ना त्याला!”

लेक वळली ती त्या ओरडण्याने. तिला दिसलं ते एवढंच, पोर हसतेय आणि ड्रोन झोकात आभाळात चाललाय. “वा, बाबा,” ती म्हणाली. वरच्यांनी कॅमेरा समोर केला, डाव्याच हाताने आळीपाळीने दोन्ही कांड्या हलवत यंत्र आणून चटईवर टेकवलं. पंखे थांबेपर्यंत मांडीखालचा हात बाहेर काढला नाही. शिट्टी जवळ येऊन वाकला आणि कानाशी म्हणाला, “काही झालेलं नाही. कुणी पाहिलेलं नाही. गप बस.”

घरी चहा झाला. लेक खुशीत होती. “मी उगाच घाबरत होते. तुमचे हात अगदी पहिल्यासारखे आहेत, बाबा. सासूबाईंना कळवते नको म्हणून. उद्यापासून टिल्लीला इथेच सोडीन.” बायकोने पदराने डोळे पुसले. टिल्ली आईच्या मांडीवर झोपली होती. ज्यासाठी सगळा खटाटोप केला ते मागितल्याशिवाय ओंजळीत पडलं होतं, आणि वरच्यांचा चहा कपातच निवत होता.

त्यांच्या साइटवर एक रीत होती. पाळी संपली की कपडे बदलायच्या खोलीत, ज्याच्या हातून काही होता होता राहिलं असेल त्याने ते आपल्या तोंडाने सांगायचं. सांगितल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. लपवणाऱ्याबरोबर दुसऱ्या दिवशी कुणी काम करत नसे, आणि वरचे तर मुळीच नाही. त्यांनी एका चांगल्या कामगाराला ह्याच गोष्टीवरून परत पाठवलं होतं.

लेक उठली, पोरीला खांद्यावर घेतलं.

“बस जरा,” वरचे म्हणाले. “सांगायचंय.”

त्यांनी सगळं सांगितलं. वारा होता, शिट्टीने नको म्हटलं होतं. कॅमेरा खाली राहिला. उजव्या हाताने ओढलं. बायको मधेच “अहो” म्हणाली, आणखी एकदा “अहो” म्हणाली. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला.

“किती जवळ?”

वरच्यांनी कोपरापासून हात दाखवला. “एवढं. तिने हात पुढे केला होता.”

“मला कळलंच नसतं.”

“नसतं कळलं.”

लेक पुन्हा खाली बसली. तिने झोपलेल्या पोरीची बोटं हातात घेतली आणि एकेक करून चाचपली. बायको नवऱ्याकडे रागाने बघत होती. हातात आलेलं घालवलंत, असं तिच्या डोळ्यांत स्वच्छ लिहिलं होतं. वरच्यांना ते दिसत होतं आणि त्यांना रडू येत होतं. टिल्ली आता जाणार, हे त्यांनी मनात धरलंच होतं.

“गेल्या खेपेला ती सासूबाईंकडून आली ना,” लेक हळूच म्हणाली, “तेव्हा पाठीवर भाजल्याचा डाग होता. हा एवढा. आंघोळ घालताना दिसला मला. फोन करून विचारलं, तर म्हणाल्या, आमच्याकडे कधी काही होत नसतं. टिल्लीला विचारलं, तर म्हणाली, तिकडच्या आजीने सांगितलंय सांगायचं नाही.”

बायकोची नजर नवऱ्यावरून पोरीच्या पाठीवर गेली.

लेकीने टिल्लीला नीट खांद्यावर घेतलं आणि उठली. “उद्या सकाळी घेऊन येते. तिला घेऊन जिना उतरायचा नाही. ती घरात असताना त्या यंत्राला हात लावायचा नाही. आणि मी संध्याकाळी आले की आधी दिवसभराचं सगळं सांगायचं मला, जे झालं ते आणि होता होता राहिलं तेही. मग चहा.”

वरच्यांनी मान हलवली. मग उठून त्यांनी तिच्यासाठी दार उघडून धरलं.